लॅबव्ह्यूमध्ये एकाच वेळी चालणाऱ्या दोन लूपमध्ये डेटा कसा पाठवावा?

तुमचा प्रश्न मी असा समजतो: नांदेडच्या महाविद्यालयातील प्रकल्पासाठी तुम्ही लॅबव्ह्यूमध्ये, म्हणजे आकृतीतले ठोकळे वायरने जोडून प्रोग्राम लिहिण्याच्या भाषेत, दोन व्हाइल लूप (थांबवेपर्यंत तेच काम पुन्हा पुन्हा करणाऱ्या चौकटी) केले आहेत. पहिला लूप सेन्सरवरून दाबाच्या नोंदी सेकंदाला १००० या वेगाने घेतो आणि दुसरा त्या आलेखावर दाखवून फाइलमध्ये लिहितो. दोन्ही लूप वायरने जोडले तेव्हा पहिला थांबेपर्यंत दुसरा सुरूच झाला नाही. वायर काढून लोकल व्हेरिएबल (स्क्रीनवरील किंमत वायरशिवाय वाचण्या-लिहिण्याची सोय) वापरले, तर फाइलमध्ये काही नोंदी दोनदा आल्या आणि काही आल्याच नाहीत. शिवाय स्टॉपचे बटण दाबले की एकच लूप थांबतो. वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत वाहनांच्या सुट्या भागांची चाचणी घेणाऱ्या यंत्रांसाठी असेच प्रोग्राम लिहिणे हे माझे रोजचे काम असल्याने जरा सविस्तर लिहितो.

वायरचे वागणे हा दोष नाही. लॅबव्ह्यूमध्ये कोणताही नोड (आकृतीतला काम करणारा ठोकळा) त्याच्या सर्व इनपुटवर डेटा आल्याशिवाय सुरू होत नाही आणि लूपच्या कडेवरील टनेलमधून (वायर आत-बाहेर जाण्याच्या जागेतून) डेटा बाहेर पडतो तो लूप संपल्यावरच. म्हणून दोन लूपमध्ये साधी वायर ओढली की ते समांतर राहत नाहीत, एकामागून एक चालतात.

लोकल व्हेरिएबलने ही अडचण सुटल्यासारखी वाटते, पण त्याला फक्त शेवटची किंमत ठाऊक असते. लिहिणारा लूप पुढे गेला तर मधल्या किमती पुसल्या जातात आणि वाचणारा पुढे गेला तर जुनीच किंमत पुन्हा वाचली जाते. तुमच्या फाइलमध्ये नेमके हेच झाले आहे. तेव्हा साधन निवडण्यापूर्वी स्वतःला विचारावे की पलीकडच्या लूपला प्रत्येक नोंद हवी आहे, की फक्त ताजी नोंद पुरेशी आहे. प्रत्येक हवी असेल तर क्यू वापरावा, ताजी पुरेशी असेल तर नोटिफायर. मोंढ्यात काट्यापुढे लागलेले प्रत्येक पोते एकदाच आणि क्रमाने तोलले जाते. फळ्यावरचा भाव मात्र सगळेच वाचतात आणि नवा भाव लिहिला की जुना पुसला जातो. पहिला प्रकार क्यूचा, दुसरा नोटिफायरचा.

तुमच्या फाइलला प्रत्येक नोंद हवी आहे, म्हणून तिथे क्यूच योग्य. क्यू दोन्ही लूपच्या बाहेर एकदाच तयार करावा आणि त्याचा संदर्भ (त्या क्यूची ओळख देणारी वायर) दोन्हीकडे न्यावा. पहिल्या लूपने एकेक नोंद न घेता १०० नोंदींचा गठ्ठा वाचून क्यूमध्ये टाकावा, म्हणजे तो सेकंदाला १० वेळाच फिरेल. दुसऱ्या लूपमधील डीक्यू (क्यूमधून काढून घेणारा) नोड गठ्ठा येईपर्यंत स्वतःच थांबून राहतो, त्यामुळे त्या लूपला वेगळा वेट लावण्याची गरज नसते.

आता दुसरा लूप हळू पडला तर काय होते, ते आकड्यांत पाहू. समजा एक गठ्ठा लिहून दाखवायला १५० मिलिसेकंद लागतात. तासाभरात ३६,००० गठ्ठे येतील, त्यांपैकी २४,००० निपटतील आणि १२,००० क्यूमध्ये साचतील. मेमरीच्या दृष्टीने हे १० एमबीहूनही कमी आहे, म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही. पण त्या क्षणी आलेखावर दिसणारा दाब २० मिनिटांपूर्वीचा असतो, आणि तो पाहून कोणी व्हॉल्व्ह उघडणार असेल तर ही गंभीर बाब आहे. म्हणून मी आलेख आणि फाइल एका लूपमध्ये ठेवत नाही. फाइलसाठी क्यू ठेवतो आणि आलेखाच्या तिसऱ्या लूपला नोटिफायरने ताजा गठ्ठा देतो. फाइल लूपच्या बाहेर एकदाच उघडून शेवटी बंद करावी. दर फेरीत उघड-बंद केल्याने बराच वेळ वाया जातो.

थांबवण्याचा भाग सर्वांत नाजूक आहे. पहिला लूप संपताच क्यू रिलीज करावा, वाट पाहणाऱ्या डीक्यूला ११२२ क्रमांकाची एरर येते आणि तिच्यावर दुसरा लूप थांबवता येतो, ही पद्धत सर्रास वापरली जाते. परंतु क्यू नष्ट करताना त्यात उरलेले गठ्ठेही जातात. एखादा भाग दाबाखाली फुटेपर्यंतची चाचणी असेल, तर सर्वांत मोलाच्या नोंदी नेमक्या शेवटीच असतात. त्यामुळे क्यूमध्ये नुसता अ‍ॅरे न टाकता क्लस्टर (वेगवेगळ्या प्रकारच्या घटकांचा एकत्र संच) टाकावा: एका घटकात ‘डेटा’ किंवा ‘थांबा’ असा एनम (ठरावीक पर्यायांपैकी एक) आणि दुसऱ्यात नोंदी. पहिल्या लूपने शेवटी ‘थांबा’ हा संदेश पाठवावा, म्हणजे आधीचे सर्व गठ्ठे लिहून झाल्यावरच दुसरा लूप थांबेल आणि मग क्यू रिलीज करता येईल. यात एक जागा जपावी लागते. सेन्सरची केबल सुटून पहिला लूप एररने बाहेर पडला आणि तीच एरर वायर एनक्यूला (क्यूमध्ये टाकणाऱ्या नोडला) जोडलेली असली, तर तो नोड संदेश पाठवतच नाही आणि दुसरा लूप कायमचा वाट पाहत राहतो. म्हणून ‘थांबा’ पाठवणाऱ्या नोडला ती एरर जोडू नये; ती बाजूने पुढे न्यावी.

स्टॉपचे बटण दोन्ही लूपमध्ये लोकल व्हेरिएबलने वाचायचे ठरवलेच, तर त्याची यांत्रिक क्रिया लॅचऐवजी (किंमत वाचली की बटण आपोआप मूळ स्थितीत येणे) स्विच (दाबलेली स्थिती तशीच राहणे) करावी लागते. लॅच असताना लोकल व्हेरिएबल जोडले की प्रोग्राम चालतच नाही. वरील रचनेत मात्र बटण पहिल्या लूपमध्येच राहते आणि ही गरज उरत नाही.

पुढे तुम्ही पास झालेल्या नगांची मोजणी दोन लूपमधून कराल, तेव्हा वेगळा धोका उद्भवेल. दोन्ही लूपनी एकाच क्षणी ४१ वाचले, दोघांनी एक मिळवला आणि दोघांनी ४२ लिहिले, तर एक नग हिशेबातून गळाला. यावर उपाय म्हणजे शिफ्ट रजिस्टरमध्ये (लूपची किंमत पुढच्या फेरीसाठी जपणाऱ्या जागेत) किंमत जपणारा, रीएन्ट्रंट नसलेला (एकाच वेळी अनेक ठिकाणांहून न चालणारा) सब-व्हीआय, म्हणजे दुसऱ्या प्रोग्राममधून बोलावता येणारा छोटा प्रोग्राम. एका वेळी एकच लूप त्यात शिरू शकतो. मात्र मिळवण्याची क्रिया त्या सब-व्हीआयच्या आतच व्हायला हवी. आतून किंमत घेऊन बाहेर बेरीज केली आणि पुन्हा आत लिहिली, तर धोका जसाच्या तसा राहतो. २०१६ च्या आवृत्तीपासून समांतर लूपमध्ये थेट डेटा पाठवणाऱ्या चॅनेल वायरही उपलब्ध आहेत. पण प्रकल्पासाठी आधी क्यू हाताखालून जाऊ द्यावा असे माझे मत आहे.

बदल केल्यावर गेट क्यू स्टेटस हा नोड लावून क्यूमधील गठ्ठ्यांची संख्या फ्रंट पॅनेलवर (प्रोग्रामच्या बटणे-आलेखांच्या स्क्रीनवर) दाखवा आणि यंत्र अर्धा तास चालू ठेवा. संख्या शून्याच्या आसपास राहिली तर रचना बरोबर आहे. सतत वाढत गेली तर फाइल लिहिणारा लूप तपासा.