ओळ काढली, तरी लॉग थांबेना

प्रश्न : हापूसच्या पेट्यांची नोंद ठेवायला आम्ही एक छोटं वेब अ‍ॅप केलं आहे. कोडभर पसरलेले कन्सोल.लॉग (ब्राउझरच्या कन्सोलमध्ये तपासणीचे संदेश लिहिणाऱ्या ओळी) काढून त्याच कामाची लॉगलेव्हल ही जावास्क्रिप्ट लायब्ररी घेतली. आधी डीबगचे संदेश दिसेचनात. ‘सेटलेव्हल’ने पातळी डीबग केल्यावर दिसू लागले. पुढे ती ओळ काढून टाकली, तरी घरच्या दोन फोनवर ते येतच आहेत. शिवाय बागेत रेंज गेली की नोंद अडकते आणि कारण कळत नाही. काय करावं?
– एक वाचक, देवगड

उत्तर : डीबगचे संदेश आधी न दिसणं आणि नंतर न थांबणं, या दोन्हींचं मूळ पातळीत आहे. लॉगलेव्हलच्या पातळ्या चढत्या क्रमाने ट्रेस, डीबग, इन्फो, वॉर्न, एरर आणि सगळं बंद करणारी सायलेंट अशा आहेत. काहीच सांगितलं नाही तर ती वॉर्नवर असते आणि तिच्या खालचे संदेश दिसत नाहीत, म्हणून डीबग आणि इन्फो गप्प राहिले.

सेटलेव्हल ही पातळी नुसती बदलत नाही, ब्राउझरच्या लोकलस्टोरेजमध्ये (पान बंद केलं तरी टिकणाऱ्या साठ्यात) लिहूनही ठेवते. ती ओळ असताना ज्या ज्या फोनवर अ‍ॅप उघडलं, तिथे ‘डीबग’ अजून बसलेलं आहे. कोडमधून ओळ गेली म्हणून ते पुसलं जात नाही. पुढच्या आवृत्तीत एकदाच ‘रीसेटलेव्हल’ चालवा, साठवलेली पातळी निघून जाईल. (हे फंक्शन लायब्ररीच्या जुन्या आवृत्तीत नाही, आधी ती अद्ययावत करा.) यापुढे कोडमध्ये ‘सेटडिफॉल्टलेव्हल’च वापरा, सेटलेव्हल फक्त तपासणी करताना कन्सोलमध्ये हाताने टाइप करा. कोडमध्ये वापरावंच लागलं तर दुसरं मूल्य फॉल्स द्या, म्हणजे काही साठत नाही.

बागेतल्या अडचणीला मात्र लायब्ररी एकटी पुरणार नाही. ती फक्त त्या फोनच्या कन्सोलवर लिहिते, तुमच्या सर्व्हरवर काही पाठवत नाही. त्यासाठी ‘मेथडफॅक्टरी’ (प्रत्येक पातळीचं लॉग फंक्शन तयार करणारं फंक्शन) बदला: मूळ फॅक्टरी बाजूला ठेवा, नव्या फंक्शनमधून आधी तिलाच हाक मारा, मग वॉर्न आणि एररचे संदेश एका रांगेत टाका. शेवटी ‘रीबिल्ड’ चालवायला विसरू नका. नाहीतर बदल लागूच होत नाही, आणि लोक नेमके इथेच अडकतात. रांग लोकलस्टोरेजमध्ये ठेवा, शेवटचे शंभरेक संदेश पुरेत. रेंज आली की पाठवा, आणि सर्व्हरने पोच दिल्यावरच पुसा.

इथे एक खड्डा आहे. एरर ऑब्जेक्ट थेट जेसनमध्ये (माहिती साठवायच्या-पाठवायच्या मजकूर स्वरूपात) घातला की नुसता रिकामा महिरपी कंस उरतो, कारण त्याचे मेसेज आणि स्टॅक हे गुणधर्म जेसन मोजत नाही. दोन्ही आधी वेगळे काढून घ्या. संदेशात पेटीचा क्रमांक, वेळ आणि कोणत्या पायरीवर अडकलं एवढं असू द्या. ग्राहकाचा फोन नंबर किंवा पत्ता कधीही नको.

मेथडफॅक्टरी अशी बदलली की कन्सोलमध्ये ओळ क्रमांक तुमच्या फाइलचा न दिसता त्या नव्या फंक्शनचा दिसतो. म्हणून तपासणीच्या बिल्डमध्ये हे जोडूच नका, प्रत्यक्ष वापराच्याच बिल्डमध्ये जोडा.

आणखी एक: पातळी बंद असली तरी लॉगला कंसात दिलेली मूल्यं मोजली जातातच. मोठी यादी जेसनमध्ये बदलून डीबगला देत असाल तर आधी ‘गेटलेव्हल’ने पातळी तपासा, स्वस्तातल्या फोनवर फरक जाणवतो.