गाडीचं विचारा: स्की टपावर बांधू की आत घेऊ?

डिसेंबर जवळ आला की बर्फाची पत्रं येतातच, इकडे आपला पंखा पाचवर आणि समोर पत्रात बर्फात टायरला लावायच्या चेन, हीटर, अँटिफ्रीझ. यावेळी तीन घेतलीत. पहिल्याचं उत्तर जरा जास्तच लांबलंय, सांभाळून घ्या.

प्रश्न: नमस्कार. बाबांची २००८ ची बीएमडब्ल्यू फाइव्ह सिरीज आहे, पेट्रोल ऑटोमॅटिक, रनिंग फारच कमी. बाबा गेल्यावर विकवली नाही, आरसीसुद्धा रिन्यू करून घेतली. मुलीने गेल्या वर्षी गुलमर्गला सरकारी संस्थेत स्कीइंगचा बेसिक कोर्स केला आणि आता घरात सगळ्यांनाच खूळ लागलंय. भाऊ झुरिकला असतो, त्याने येताना स्कीच्या दोन जोड्या आणल्या, एक १६० आणि एक १७२ सेंटीमीटरची. जानेवारीत आम्ही चौघं याच गाडीने गुलमर्गला जायचं म्हणतोय. गाडीला टपावर रेल नाही, सनरूफ आहे. कुर्ल्याला एक जण म्हणाला युनिव्हर्सल कॅरियर बसवून देतो, दोन-चार भोकं पाडावी लागतील, वरून सिलिकॉन मारतो. करून घेऊ का?
एक वाचक, विलेपार्ले पूर्व

उत्तर: आधी त्या कुर्लेवाल्याला फोन करून नाही म्हणा, मग पुढचं वाचा. बाबांच्या गाडीच्या टपाला ड्रिल? सिलिकॉन मारलेली भोकं मुंबईच्या दोन पावसाळ्यांत कशी होतात ते मी बघितलंय. आधी आतल्या कापडावर चहासारखा पिवळा डाग येतो, मग वास, मग एक दिवस काच खाली जायची बंद होते आणि इलेक्ट्रिशियन कार्पेट उचलून दाखवतो की खाली तळं आहे.

हे कॅरियरवाले अजून पद्मिनी टॅक्सीच्या हिशोबाने चालतात. काळ्या-पिवळ्या पद्मिनीच्या टपाच्या दोन्ही कडांना पन्हळ असायची, तिला कॅरियरचे पाय आवळायचे, वर वळकटी, ट्रंक, आंब्याच्या पेट्या, काय वाट्टेल ते. त्या टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये मुंबईच्या रस्त्यावरून गेल्या आणि नवीन गाड्यांना तशी पन्हळच नसते. आता रेल नसलेल्या सेदानला आडवे बार लावायचे तर त्यांचे पाय दरवाजा उघडल्यावर रबरी बीडिंगच्या आत जी चौकट दिसते तिथे पकडतात, नाहीतर कंपनीने ठेवलेल्या ठरावीक पॉइंटवर बसतात. त्यासाठी मॉडेल आणि सालाप्रमाणे वेगळं किट येतं, त्याला युनिव्हर्सल म्हणत नाहीत. बार आणि वरचे स्कीचे चिमटे दोन्ही चावीने लॉक होणारे घ्या. पण थांबा, तुम्हाला हे काहीच लागणार नाही कदाचित.

आज संध्याकाळी खाली पार्किंगमध्ये जा आणि मागच्या सीटचा मधला आर्मरेस्ट खाली ओढा. त्यामागे झाकण दिसतंय का बघा. झाकण असेल तर ते उघडा आणि डिकीच्या बाजूने कुणाला तरी टॉर्च मारायला सांगा. युरोपातल्या त्या काळच्या बऱ्याच सेदानमध्ये, तुमच्या मॉडेलमध्येही, इथे स्की बॅगचा ऑप्शन असायचा. डिकीतून थेट केबिनमध्ये येणारी लांब पिशवी, स्की त्यातून पुढच्या दोन सीटच्या मधोमध येतात. आपल्याकडे विकलेल्या गाड्यांत कुणाला मिळालाय कुणाला नाही, आणि ज्यांना मिळालाय त्यातल्या निम्म्या लोकांना पंधरा वर्षांत पत्ता नाही, ड्रायव्हरने त्या कप्प्यात फडकी कोंबलेली असतात. झाकणामागे सरळ पत्रा लागला तर ऑप्शन नाही, आणि तो पत्रा कापायचा नाही, तो गाडीच्या मजबुतीचा भाग आहे.

भोक असेल तर सगळं सोपं. दोन जोड्या आरामात जातात, तुम्ही चौघं आहात त्यामुळे मधली सीट गेली तरी काही बिघडत नाही. १७२ वाली डिकीच्या मागच्या कडेपासून किती पुढे येते ते टेपने मोजा, गिअरच्या दांड्याजवळ टोक यायला नको. कडांना स्टीलची धार असते, सीटचं लेदर एका झटक्यात फाटेल, म्हणून टोकांना जुने मोजे घाला आणि जोडी पट्ट्याने घट्ट बांधा. आणि पिशवीचा जो पट्टा असतो तो मधल्या सीटबेल्टच्या बकलमध्ये अडकवायलाच हवा. बाइंडिंगसकट, म्हणजे बूट अडकवायच्या खाचेसकट, जोडी पाच-सहा किलोची, ८० च्या स्पीडला ब्रेक लागला तर ती सरळ डॅशबोर्डकडे निघते आणि वाटेत तुमचं कोपर असतं.

एक गोष्ट खास या गाडीसाठी. हिची बॅटरी बॉनेटखाली नाहीये, डिकीत उजव्या बाजूला आहे. संध्याकाळी स्की पुसल्यासारख्या वाटतात पण बाइंडिंगच्या फटीत बर्फ बसलेला असतो, हीटर लागला की तो वितळून डिकीच्या तळाला जातो, म्हणजे नेमका जिथे वायरिंग आणि बॅटरी आहे तिथे. म्हणून गाडीत ठेवायच्या आधी स्की जमिनीवर दोनदा आपटा, जुन्या टॉवेलने पुसा आणि खाली रबरी ट्रे किंवा निदान ताडपत्रीचा तुकडा टाका, कडा वर वळवून. रोज रात्री ट्रे रिकामा. कंटाळा येतो, माहितीये.

भोक नसेल तरच टप. वजनाची काळजी करू नका, सेदानच्या टपाला साधारण ७५ ते १०० किलोची मर्यादा असते, तुमचा आकडा मॅन्युअलमध्ये आहे आणि बारचं वजन त्यातच धरतात. तुमचं सगळं मिळून पंचवीस किलोही होणार नाही. खरा त्रास वाऱ्याचा. वाऱ्याचा जोर स्पीडच्या वर्गाने वाढतो, ८० वरून १२० ला गेलात की सव्वादोन पट, एक्सप्रेसवेवर हे लक्षात ठेवा. स्कीची वळलेली टोकं मागच्या बाजूला ठेवा, पुढे ठेवली तर ती सुपासारखी वारा भरून घेतात आणि चिमट्याला वर उचलायला बघतात. पहिल्या पन्नास किलोमीटरनंतर थांबून सगळे नट परत आवळा. सनरूफ अख्खी ट्रिप विसरा, टिल्टसुद्धा नको, काच वर उठून बारला लागते. ट्रकमागून येणारी काळी चिखलाची फवारणी बाइंडिंगमध्ये जाते म्हणून टपावर झिपवाली पिशवी लागतेच. पिशवी चपट्या पट्ट्याने बांधलीत आणि पट्टा सरळ ताणलात तर तो ९० च्या पुढे असा घोंघावतो की डोकं उठतं. मी एकदा वापीपर्यंत बेअरिंग गेलं समजून गाडी चालवली होती, बायको म्हणाली पट्टा असेल आणि पट्टाच होता. पट्ट्याला मध्ये एक पीळ द्या, आवाज बंद.

अजून एक, हे फक्त मुंबईकरालाच सुचेल. तुमच्या सोसायटीत स्टॅक पार्किंग आहे का? गाडी साधारण १४७ सेंटीमीटर उंच, बार आणि स्की धरून वर पंधरा-वीस अजून. खालच्या कप्प्याच्या पाटीवर उंची लिहिलेली असते ती वाचा, नाहीतर वरची गाडी खाली येईल तेव्हा तुमच्या बारने ती अडवलेली असेल आणि मग सेक्रेटरी, वॉचमन, ऑपरेटर, सगळी सोसायटी गोळा. कॅरियर निघायच्या सकाळी लावा.

आता गाडीचं. बर्फात तुमच्या गाडीचा मोठा दोष म्हणजे रिअर व्हील ड्राइव्ह, इंजिनचा जोर मागच्या चाकांना, वरून रुंद टायर. ७ डिग्रीच्या खाली आपल्या साध्या टायरचं रबर कडक व्हायला लागतं, ग्रिप जाते. चेन घेतलीत तर ती मागच्या चाकांना लागते, मारुतीवाल्या मित्राचं ऐकून पुढे लावू नका. टायरचा साइज चेनला चालतो का ते मॅन्युअलमध्ये बघा, आणि चालत असेल तर पार्ल्यातच दोनदा लावून बघा, घड्याळ लावून. बर्फात गुडघे टेकून, बोटं बधिर झालेली असताना पहिल्यांदा शिकायची ती गोष्ट नाही. कंपनीचे मूळ रनफ्लॅट टायर असतील तर डिकीत स्टेपनी नसणार, पंक्चरवर ८० च्या आत थोडं अंतर जाता येतं इतकंच, तेव्हा पंप आणि पंक्चर किट बरोबर हवं.

पण माझं ऐकाल तर चेनच्या भानगडीत पडू नका. श्रीनगरहून टंगमर्गपर्यंत रस्ता बरा असेल तेव्हा जा, तिथे गाडी उभी करा आणि वरचा साधारण १३ किलोमीटरचा घाट चेन लावलेल्या लोकल गाडीने जा. जोराचा बर्फ असला की चेन किंवा फोर बाय फोर असल्याशिवाय तिथून वर सोडतच नाहीत. त्या ड्रायव्हर लोकांचा रोजचा रस्ता आहे, त्यांच्या टपावर स्की बांधायला दोरीसुद्धा तयार असते. बाबांची गाडी खाली राहिली म्हणून काही कमीपणा नाही.

निघायच्या आधी कूलंट तपासून घ्या, हे सगळ्यात महत्त्वाचं. मुंबईत गॅरेजवाले सर्रास नळाचं पाणी टॉप अप करतात, इथे चालून जातं. तिकडे रात्री उणे दहा झालं की तेच पाणी गोठून फुगतं आणि इंजिनचा ब्लॉक चिरतो. सगळं काढून अँटिफ्रीझ आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं भरा, ते उणे ३५ च्या आसपासपर्यंत तग धरतं. भरतानाच प्लास्टिकची टाकी आणि होसेस बदला, सतरा-अठरा वर्षांचं प्लास्टिक बिस्किटासारखं होतं. वायपरच्या टाकीतही नळाचं पाणी नको, पण तिथे कूलंट नाही, न गोठणारं वॉशर फ्लुइड भरा. रात्री पार्क करताना हँडब्रेक ओढू नका, केबल गोठते. सपाट जागा बघून नुसतं पी मध्ये ठेवा आणि चाकाला दगड लावा.

आणि रस्ता. जयपूरवरून दिल्लीच्या बाजूने जाऊ नका. दिल्ली-एनसीआरमध्ये १५ वर्षांवरच्या पेट्रोल आणि १० वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर बंदीचे आदेश निघाले, आधी एनजीटीचे, म्हणजे राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचे, मग २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टानेही तेच सांगितलं. नंतर त्यात बदल होत आलेत, त्यामुळे निघायच्या आठवड्यात काय चालू आहे ते बघा. इथली रिन्यू केलेली आरसी दाखवून तिथे वाद घालण्यात अर्थ नाही. आणि एनसीआर म्हणजे नुसती दिल्ली नव्हे, रोहतक, पानिपत, कर्नालही त्यातच येतात. त्यापेक्षा अहमदाबाद, पालनपूर, सांचोर, तिथून बिकानेरच्या बाजूने जाणारा नवा एक्सप्रेसवे धरून हनुमानगडकडे आणि मग पंजाब. वाळवंटातला रस्ता सरळसोट आहे, झोप येते, ड्रायव्हर बदलत राहा. जम्मूनंतर बोगदे झालेत, चेनानी-नाशरी आणि बनिहाल-काझीगुंड, तरी रामबनजवळ दरड आली की दिवस जातो. हातात एक दिवस जास्तीचा ठेवा. फारच अडलं तर गाडी कटऱ्याला ठेवून ट्रेनने श्रीनगर गाठता येतं, २०२५ च्या जूनपासून ती सोय झालीये.

प्रश्न: मी आणि मैत्रीण फेब्रुवारीत विमानाने गुलमर्गला जातोय. दोघींनी स्की विकत घ्याव्यात का? सेकंड हँड मिळतायत.
एक वाचक, ठाणे

उत्तर: नको. स्की तिकडे भाड्याने मिळतात, घ्यायचेच तर बूट घ्या. भाड्याचे बूट शंभर पायांनी सैल केलेले असतात, दुसऱ्या दिवशी नडगीला गाठ येते आणि उरलेली ट्रिप हॉटेलात कहवा पीत बसायचं. बूट हँडबॅगेत मावतात. आणि बाइंडिंग तुमच्या वजनाला आणि बुटाच्या तळाच्या लांबीला सेट करून घ्या, दुकानातला माणूस घाईत असला तरी उभं राहून करून घ्या. पडल्यावर स्की सुटली नाही तर गुडघा पिळवटतो.

प्रश्न: मागच्या वर्षी औलीला वापरलेली स्की माळ्यावर ठेवली होती, पावसाळ्यानंतर काढली तर कडांना गंज. कंपनीने दिलेल्या कव्हरातच होती, प्लास्टिकमध्ये नीट गुंडाळून. आता फेकायची का?
एक वाचक, दादर पश्चिम

उत्तर: फेकू नका हो. नीट गुंडाळलीत तिथेच चुकलं, प्लास्टिकच्या आत जी दमट हवा अडकली तिने चार महिने शांतपणे काम केलं. वरवरचा तांबडा गंज असेल तर खोडरबरासारखा जो घासायचा दगड मिळतो तो कडेवर लांबच्या लांब एकाच दिशेने फिरवा, निघून जाईल. खड्डे पडले असतील तर ट्यूनिंग करणाऱ्याकडे द्या.

पुढच्या मे महिन्यात ठेवताना असं करा. कोमट पाण्याने धुवा, दोन दिवस पंख्याखाली सुकवा, मग तळाला वॅक्स वितळवून जाड थर द्या, कडांवरूनही ओघळू दे आणि खरवडू नका, तसाच ठेवा, तोच पावसाळ्यातला रेनकोट. घरातली जुनी इस्त्री चालते, वाफेची नको, आणि ती परत कपड्यांना वापरायची नाही हे घरी आधीच सांगून ठेवा, आमच्याकडे एका पांढऱ्या झब्ब्यावर अजून पुरावा आहे. मग सुती चादरीत गुंडाळून पलंगाखाली. माळा नको, तिथे मे महिन्यात भट्टी असते. गाडीची डिकी तर त्याहून नको.