वडिलांच्या ईसीजीवर 'पीव्हीसी' लिहिलंय. पीव्हीसी म्हणजे पाईप ना? याचे एकूण अर्थ तरी किती?

पाईपच. माझं घर त्याच पीव्हीसीवर चालतं, सांगली जिल्ह्यात पाईप-फिटिंगचं दुकान आहे. पण तुमच्या वडिलांच्या कागदावरचं पीव्हीसी म्हणजे प्रीमॅच्युअर व्हेंट्रिक्युलर कॉन्ट्रॅक्शन, हृदयाचा वेळेआधी पडणारा ठोका. काही डॉक्टर व्हीपीसी लिहितात, तेही हेच. रक्ताच्या रिपोर्टात असतं ते पीसीव्ही, म्हणजे रक्तातल्या लाल पेशींचं प्रमाण, त्याचा याच्याशी संबंध नाही.

हे माझ्याही कागदावर आलं होतं, म्हणून लिहायला बसलो.

हर्नियाच्या ऑपरेशनआधी फिटनेससाठी ईसीजी काढला. गुलाबी चौकटींच्या पट्टीवर बारीक टोकदार ठोके ओळीने चाललेले आणि मध्येच एक रुंद, बोजड ठोका घुसलेला. त्याच्यामागे मोकळी जागा, मग परत ओळ सुरू. डॉक्टरांनी त्या बोजड ठोक्याभोवती पेनाने गोल केला आणि बाजूला पीव्हीसी लिहिलं. सोबत धाकटा मेहुणा होता. त्याने कागद हातात घेतला आणि भरल्या दवाखान्यात म्हणाला, "दाजी, तरी सांगत होतो, प्लास्टिकच्या पाईपचं पाणी पिऊ नका. उतरलं बघा रक्तात!" संध्याकाळपर्यंत फॅमिली ग्रुपवर बातमी. दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी तांब्याचा हंडा पाठवला.

डॉक्टरांनी सांगितलं ते असं. ठोका सुरू करायचं काम वरच्या उजव्या कप्प्यातल्या सायनस नोडचं. कधीकधी खालचा कप्पा आगाऊपणा करतो आणि वेळेआधीच आकुंचन पावतो. तेव्हा त्यात रक्त पुरतं भरलेलं नसतं, त्यामुळे तो ठोका नाडीला नीट लागत नाही. मग जरा थांबा पडतो आणि पुढचा ठोका जास्तीचं रक्त घेऊन छातीत धप्पकन बसतो. आपल्याला वाटतं ठोका चुकला. जागरण, चहा-कॉफीचा अतिरेक, दारू, पोटॅशियम किंवा मॅग्नेशियम कमी होणं, थायरॉईड, यातलं काहीही कारण निघतं, आणि बऱ्याचदा काहीच निघत नाही. चांगल्या धडधाकट माणसातही हे सापडतं.

मेहुणा तिथेही गप्प बसला नाही. "गोळी द्या आणि बंद करून टाका." डॉक्टर हसले. हार्ट अटॅक येऊन गेलेल्यांचे असे ठोके औषधाने दाबले तर जीव वाचेल, अशा समजुतीने अमेरिकेत 'कास्ट' नावाची मोठी चाचणी झाली होती. ठोके दबले, पण फ्लेकेनाइड आणि एन्केनाइड घेणारे रुग्ण साधी नकली गोळी घेणाऱ्यांपेक्षा जास्त दगावले. १९८९ मध्ये ती औषधं चाचणीतून काढून टाकावी लागली. तेव्हा नुसता कागद बघून कोणी गोळी मागू नये, हे माझं स्पष्ट मत. मला एक दिवस होल्टर, म्हणजे ठोके सलग नोंदवणारं छोटं यंत्र, लावलं, एकूण ठोक्यांत हे दोन टक्केसुद्धा निघाले नाहीत. गोळी नाही, ऑपरेशन ठरल्या तारखेला झालं.

आता पाईपच्या पाण्याचं. पीव्हीसी ज्यापासून बनतं तो व्हिनाइल क्लोराइड वायू घातक आहे, कारखान्यातल्या कामगारांना त्याने यकृताचा कॅन्सर होतो हे १९७४ मध्येच उघड झालं. पण तयार पाईप म्हणजे तो वायू नव्हे. प्लास्टिक मऊ करायला थॅलेट घालतात, ते नळी आणि रेक्झिनमध्ये. कडक पाईपात ते नसतं. खरा बोलायचा मुद्दा शिशाचा. पाईप बनवताना उष्णतेने माल खराब होऊ नये म्हणून शिशाची संयुगं घालत, त्यावर केंद्राने २०२१ मध्ये नियम काढले. पिण्याच्या पाण्याला आयएसआय शिक्का आणि आयएस ४९८५ छापलेला, शिसंमुक्त पाईप घ्या, भंगार वितळवून केलेला काळपट पाईप नको. यातलं एक अक्षर मेहुण्याला माहीत नव्हतं.

त्याचा राग वेगळाच होता. त्याने घरावर सोलर बसवला तेव्हा मी सांगितलं होतं, गरम पाण्याच्या लाइनीला सीपीव्हीसी, म्हणजे उष्णता सोसणारा पीव्हीसीच लागतो. महाग पडतो म्हणून पठ्ठ्याने दुसरीकडून साधा पाईप आणला. अहो, शेतकरी पाचट पेटवून त्यावर पाईपचं तोंड फिरवतात आणि मऊ झालं की दुसरा पाईप आत ढकलून सॉकेट करतात. असल्या पाईपात एप्रिलमधलं सोलरचं पाणी सोडल्यावर काय होणार? साधा पाईप ६० अंशांच्या पुढे मान टाकतो, सीपीव्हीसी ९० च्या आसपासपर्यंत टिकतो. त्याचा पाईप दोन क्लॅम्पच्या मध्ये पोट सोडून लोंबायला लागला आणि बोंब मात्र "पीव्हीसीच बेकार" अशी.

तुमचा आकड्याचा प्रश्न राहिलाच. पाकिटात मावणारं आधार कार्ड पीव्हीसीचं, म्हणजे प्लास्टिकच. आणि सैनिकाच्या नावापुढे पीव्हीसी असेल तर परमवीर चक्र. १९४८ मध्ये नौशेरा-राजौरी रस्त्यावरचे सुरुंग काढणारे रामा राघोबा राणे यांना ते जिवंतपणी मिळालं. पदकाचं डिझाइन सावित्रीबाई खानोलकरांचं, जन्माने युरोपीय, लग्नाने मराठी घरातल्या. बाकी अर्थ असतील, मला एवढे पुरतात.

हां, माझं निभावलं म्हणून वडिलांचंही तसंच असेल असं धरू नका. त्यांना चक्कर, भोवळ, छातीत दुखणं, चालताना दम लागणं असेल, आधी अटॅक येऊन गेला असेल किंवा घरात कोणी तरुणपणी अचानक गेलं असेल, तर हृदयाच्या डॉक्टरांकडे लगेच न्या. टूडी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, आणि होल्टर करायचं का ते विचारा. असे ठोके एकूण ठोक्यांच्या दहा टक्क्यांच्या वर गेले तर हृदयाचा स्नायू कमजोर होऊ शकतो, तेव्हा औषध किंवा अब्लेशन (नळी घालून ठोक्याची ती जागा निकामी करणं) लागू शकतं. आणि सोबत मेहुण्याला नेऊ नका.