बस नंतर, आधी चहा

ताई, बौद्धिक अपंगत्व असलेला तुमचा २२ वर्षांचा लेक एकट्याने बसने जायचं म्हणतोय आणि सासूबाई, नवरा दोघंही नको म्हणतायत, हे आमच्याकडेही झालंय. माझी मुलगी २९ची, तिला डाऊन सिंड्रोम आहे, म्हणजे जन्मापासूनची अशी अवस्था की शिकायला-समजायला जास्त वेळ लागतो. सुरुवातीला एवढंच करा:

- एकच काम निवडा. आम्ही चहा निवडला. मी मागे उभी राहायचे, हात पाठीशी बांधून. दूध उतू गेलं की आजी धावायच्या, मी त्यांना थांबवायचे. ओटा तिनंच पुसायचा. आता आजींना चहा तिच्याच हातचा लागतो.
- वाद त्याच्यासमोर नको. त्याला सगळं कळतं.
- बसआधी कोपऱ्यावरचं दुकान. खिशात फोन नंबरची चिठ्ठी.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे भावंडाला न विचारता ‘पुढे तूच बघायचंस’ म्हणणं. माझ्या मुलानं त्यावरून अबोला धरला होता, आणि त्याचं बरोबर होतं.

१८ नंतर आईवडील आपोआप कायदेशीर पालक उरत नाहीत. गरज वाटली तर अशा मुलांसाठीच्या १९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली पालक नेमून घ्यायला जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे अर्ज करता येतो. मृत्युपत्र, ट्रस्ट आत्ता नको.

पहिलं काम कोणतं, ते मात्र लेकालाच विचारा.