मानेच्या धमन्या तपासताना: नव्या रेसिडेंटसाठी

ट्रॉमाची ड्यूटी नवी असेल तर एक गोष्ट आधीच पक्की कर. पेशंट शुद्धीवर आहे, हातपाय हलवतोय, म्हणून मानेला इजा नाही असं समजू नकोस. मुक्या माराने कॅरोटिड (मानेच्या पुढच्या बाजूची) किंवा व्हर्टिब्रल (मणक्यांमधून जाणारी) धमनीचं आतलं अस्तर फाटतं, तिथे गुठळी धरते आणि स्ट्रोक बरेचदा काही तासांनी, कधी दोन-तीन दिवसांनी येतो. मधला वेळ आपल्या हातातला.

एक्सपांडेड डेन्व्हर निकष, म्हणजे या धमन्या कुणाच्या तपासायच्या याची यादी, पाठच कर. मानेच्या मणक्याचं फ्रॅक्चर, ले फोर्ट दोन किंवा तीन (चेहऱ्याच्या मधल्या हाडांचं फ्रॅक्चर), कवटीच्या तळाचं फ्रॅक्चर, गळफास, यांपैकी काहीही दिसलं तर सीटी अँजिओग्राफी (डाय देऊन धमन्यांचा सीटी) सांग. मेंदूच्या सीटीशी न जुळणारा लकवा तर अजिबात सोडू नकोस. डॉपलरवर (धमन्यांच्या सोनोग्राफीवर) भागवू नकोस; कवटीच्या तळाशी आणि मणक्यांच्या आडच्या धमन्या त्यात नीट दिसत नाहीत.

आपल्याकडे बाइकच्या चाकात ओढणी अडकून येणाऱ्या मुली असतात. गळ्यावरचा वळ बघ, सूज चाचपून बघ. आणि बाहुल्या दोन्ही डोळ्यांच्या, दिवे मंद करून! एक बारीक आणि त्याच बाजूची पापणी किंचित उतरलेली असेल तर तो हॉर्नर सिंड्रोम; कॅरोटिडलगतच्या नसांना इजा झाली की असं दिसतं. कॅरोटिडचा विचार लगेच कर.

इजा सापडली की बहुतेकांना अ‍ॅस्पिरिन किंवा हेपॅरिन, म्हणजे गुठळी रोखणारं औषध, लागतं. पण या औषधांनी रक्तस्राव वाढू शकतो, म्हणून मेंदूत रक्तस्राव असेल तर न्यूरोसर्जनशी त्याच रात्री बोल, सकाळच्या राउंडची वाट पाहू नकोस. सात ते दहा दिवसांनी पुन्हा अँजिओग्राफी करायची, हे डिस्चार्ज कार्डावर ठळक लिही.