संपलेल्या फुलाचा वास खरा किती? : तुमचे प्रश्न, आमची उत्तरं

गेल्या अंकात नामशेष झालेल्या जातींच्या आठवणीसाठी कलाकार आणि शास्त्रज्ञ मिळून काय काय करतात यावर एक छोटं टिपण आलं होतं, त्यावर भरपूर प्रश्न आले. सारखे प्रश्न एकत्र केलेत आणि त्यातले पाच घेतेय.

प्रश्न : ताई, शंभर वर्षांपूर्वी संपलेल्या फुलाचा वास परत तयार केला असं वाचलं. झाडच नाही तर वास कुठून आणणार? मला तर ही अत्तरवाल्यांची जाहिरात वाटली. – एक वाचक, नाशिक

शंका रास्त आहे, आणि तिचं निम्मं उत्तर ते काम करणाऱ्यांनी स्वतःच देऊन ठेवलंय, म्हणून तर मला ते काम इतकं आवडतं. कामाचं नाव ‘रिसरेक्टिंग द सब्लाइम’. मुख्य तिघीजणी, लंडनच्या कलाकार अलेक्झांड्रा डेझी गिन्सबर्ग, वासांवर काम करणाऱ्या सिसेल टोलास आणि बॉस्टनच्या गिंको बायोवर्क्स कंपनीतल्या तेव्हाच्या शास्त्रज्ञ क्रिस्टिना अगापाकिस, शिवाय कंपनीची टीम. त्यांनी फुलं घेतली तीन. एक हवाईतल्या माउई बेटावरचं, हालेआकाला ज्वालामुखीच्या उतारावर व्हायचं, आपल्या जास्वंदीच्या कुळातलं झाड, तिथे गुरं चारायला लागले आणि १९१२ मध्ये त्याचं शेवटचं झाड मरायला टेकलेलं सापडलं. दुसरं अमेरिकेत ओहायो नदीतल्या रॉक आयलंडवरचं, ते आपल्या बावचीच्या नात्यातलं बरं का, १८८१ नंतर कुणालाच दिसलं नाही आणि पुढे धरण बांधलं तेव्हा ते बेटच पाण्याखाली गेलं. तिसरं केप टाउनच्या विनबर्ग टेकडीवरचं, टेकडीवर द्राक्षमळे झाले, आणि ते शेवटचं पाहिल्याची नोंद कुठली तर १८०६ ची, लंडनमधल्या एका संग्राहकाच्या बागेतली.

आता वास कुठून आणला. हार्वर्ड विद्यापीठाच्या हर्बेरियममध्ये कागदावर चिकटवलेले वाळके नमुने आहेत, त्यातून अगदी नखाएवढे तुकडे घेतले, त्यातून डीएनए काढला. इतक्या वर्षांत डीएनएचा भुगा झालेला असतो, तो कॉम्प्युटरवर जोडून त्यात वासाची रसायनं बनवणाऱ्या एन्झाइम्सची जनुकं कुठली असतील ते शोधलं, ती जनुकं लॅबमध्ये नव्याने बनवून यीस्टमध्ये घातली, यीस्टने जी रसायनं बनवली ती मशीनवर तपासली, आणि मग त्या यादीवरून सिसेल टोलास यांनी वास जुळवला.

म्हणजे वास खरा का? तर झाड कुठली रसायनं बनवत असावं याचा बऱ्यापैकी आधार असलेला अंदाज आहे, पण कुठलं किती बनवायचं ते कायमचं गेलं. आजीच्या मसाल्यातल्या जिनसांची यादी सापडावी आणि प्रमाण लिहिलेलंच नसावं, तसं. आणि हे त्यांनी लपवलेलं नाही. प्रदर्शनात तुम्ही एका काचेच्या पेटीत शिरता, हवाईच्या फुलासाठी आत लाव्ह्याचे दगड ठेवलेत, वरून वास सोडतात, आणि त्यातले घटक त्या त्या वेळी हवेत मिसळतात त्यामुळे ‘हाच तो वास’ असा एक पक्का वास नसतोच. फूल दिसत नाही, झाड दिसत नाही, बाहेरून बघणाऱ्याला काचेत तुम्हीच दिसता, म्युझियममधल्या नमुन्यासारखे. जाहिरातवाल्याने तुम्हाला एक बाटली दिली असती आणि वर फुलाचं नाव छापलं असतं. इथे जे हाताला लागलं तेवढंच समोर ठेवलंय आणि जे नाही लागलं त्याची जागा रिकामी सोडलीय, ते रिकामं सोडणं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

प्रश्न : जे पक्षी मेले त्यांचे पुतळे कशाला? तेवढ्या पैशात जिवंत पक्षी वाचवा. आधीच आपल्याकडे पुतळे कमी आहेत का! – सांगलीहून एक वाचक (आणि याच अर्थाची आणखी काही पत्रं)

टिपणात टॉड मॅकग्रेन यांच्या ‘लॉस्ट बर्ड प्रोजेक्ट’चा उल्लेख होता त्यावरून हा प्रश्न आलाय. अमेरिकेतले शिल्पकार, कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षीशास्त्राच्या लॅबमध्ये ते निवासी कलाकारही होते. त्यांनी उत्तर अमेरिकेतून गेलेल्या पाच पक्ष्यांची ब्राँझची मोठी शिल्पं केली, पॅसेंजर पिजन, कॅरोलिना पॅराकीट, लॅब्रॅडॉर डक, ग्रेट ऑक आणि हीथ हेन. गुळगुळीत, काळपट, पिसं न कोरलेली, लोकांनी हात लावावा अशी. ती चौकात नाही बसवली, तो पक्षी शेवटचा जिथे होता त्या जागेशी संबंध बघून बसवली, आणि ती जागा ठरवायची तर जुन्या नोंदी चाळाव्याच लागतात, शेवटचा दिसला कुठे, मारला कुठे, कुणी लिहून ठेवलं. लॅब्रॅडॉर डकचं शिल्प न्यूयॉर्क राज्यातल्या एल्मायरा गावात आहे कारण १८७८ ची शेवटची नोंद तिथली.

पण तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर हीथ हेनमध्ये आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते. हा गवताळ-झुडपी माळावरचा पक्षी, कोंबडीएवढा, विणीच्या काळात नर घुमायचे. मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्याजवळच्या मार्थाज व्हिनयार्ड बेटावर फक्त उरला होता आणि लोकांनी त्याला वाचवायचा खरोखर प्रयत्न केला हो. १९०८ मध्ये खास त्याच्यासाठी राखीव क्षेत्र केलं, शिकार बंद, पहारा, आणि जेमतेम शंभराच्या आत असलेले पक्षी वाढत वाढत दोन हजारांच्या आसपास गेले. सगळ्यांना वाटलं जमलं. १९१६ मध्ये ऐन विणीच्या दिवसांत माळाला आग लागली, त्यानंतरचा हिवाळा कडक, वर शिकारी ससाणे आले, उरलेल्यांत जवळच्या नात्यात वीण होत राहिली, मग पाळीव कोंबड्या-टर्कींकडून रोग आला. १९२७ पर्यंत तेरा पक्षी, त्यात माद्या दोनच. शेवटी एकच नर राहिला, तो रोज ठरल्या माळावर येऊन घुमायचा आणि ऐकायला एकही मादी नव्हती. ११ मार्च १९३२ ला तो शेवटचा दिसला.

मॅकग्रेन यांची हीथ हेन त्याच बेटावरच्या सरकारी जंगलात उभी आहे. आता सांगा, ती बघणाऱ्याला काय कळतं? की सगळे पक्षी एकाच ठिकाणी ठेवले तर एक आग पुरते, की आकडा वाढला म्हणजे धोका टळला असं नाही. आपल्याकडे सोलापूरजवळ नान्नजला माळढोकसाठी अभयारण्य केलं आणि आज तिथे माळढोक दिसला तर बातमी होते, आणि माळढोकही माळावरचाच पक्षी. पैसे जिवंत पक्ष्यांवर आधी खर्च व्हावेत हे मला शंभर टक्के मान्य आहे, पण या शिल्पांना लागलेला पैसा माळढोकच्या तोंडचा काढून घेतलाय असं कुठे झालंय? उलट इंग्लंडमध्ये ‘घोस्ट्स ऑफ गॉन बर्ड्स’ म्हणून गेलेल्या पक्ष्यांचं प्रदर्शन २०११ मध्ये भरलं ते बर्डलाइफ संस्थेच्या, जाती वाचवायच्या कामासाठीच होतं. पुतळे कमी आहेत का म्हणता, पण हरलेल्या लढाईचा, ती का हरली ते सांगणारा पुतळा आपल्याकडे किती दिसतो तुम्हाला?

प्रश्न : डोडोची चित्रं बघतो ती सगळी काल्पनिकच ना? कॅमेरा तर नव्हता. – बडोदा

सगळी नाही, आणि तुमच्यासाठी तर ही घरची गोष्ट आहे, सुरतेची. युरोपात त्या काळी रोलांट सॅव्हरीसारख्या चित्रकारांनी गुबगुबीत डोडो काढला, तो कदाचित पिंजऱ्यात जास्त खाऊन सुटलेला पक्षी असेल किंवा वाईट पेंढा भरलेला, पण तोच सगळ्यांच्या डोक्यात बसला. जहांगीरच्या दरबारातल्या उस्ताद मन्सूरचं मानलं जाणारं एक चित्र रशियात सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटाज म्युझियममध्ये १९५५ मध्ये लक्षात आलं, त्यात डोडो सडपातळ आणि तपकिरी आहे. पीटर मंडी नावाच्या इंग्रज प्रवाशाने सुरतेत दोन डोडो पाहिल्याचं लिहून ठेवलंय, साधारण १६२८ ते १६३३ च्या दरम्यान, त्यामुळे चित्रकाराने जिवंत पक्षी समोर ठेवून काढला असण्याची दाट शक्यता. डोडोचे अभ्यासक या चित्राला फार मानतात आणि त्याचं कारण बघा, त्याच चित्रात भोवती आपल्याकडचे पक्षी आहेत आणि ते अगदी बरोबर रंगांचे, सहज ओळखता येणारे आहेत, मग ज्याने बाकीचे इतके नेमके काढले त्याने डोडोच तेवढा मनाने कशाला काढला असेल.

प्रश्न : आम्ही ओहायोत राहतो, मुलांना यातलं काही प्रत्यक्ष दाखवता येईल का?

नक्की. मॅकग्रेन यांचा पॅसेंजर पिजन तुमच्याच राज्यात कोलंबसला ऑड्युबॉन सेंटरच्या आवारात आहे. आणि सिनसिनाटीच्या झूमध्ये जा, तिथे मार्था नावाची शेवटची पॅसेंजर पिजन १ सप्टेंबर १९१४ ला मेली, तिच्या आठवणीची छोटी इमारत जपलीय. शेवटचा पिंजऱ्यातला कॅरोलिना पॅराकीटही त्याच झूमध्ये १९१८ मध्ये गेला. मुलं लहान असतील तर कागदाचे पक्षी करा, २०१४ मध्ये मार्थाला शंभर वर्षं झाली तेव्हा लोकांकडून कागदी पॅसेंजर पिजन करून घ्यायचा मोठा उपक्रम झाला होता. जमलंच तर हवाईतल्या कौआई बेटावरच्या ओओ पक्ष्याचं रेकॉर्डिंगही ऐकवा, तो १९८७ नंतर ऐकू आलेला नाही, त्याच्या गाण्यावरून याकोब कुडस्क स्टीनसेन या कलाकाराने पक्षीतज्ज्ञाशी बोलून व्हीआरमधलं, म्हणजे डोळ्यांना चष्मा लावून बघायचं आभासी, अख्खं जंगल उभं केलंय. फार लहान मुलांना मात्र रेकॉर्डिंगची गोष्ट, मादी उरलेली नसताना साद घालणाऱ्या नराची, सांगताना जरा सांभाळून, मोठ्यांनाही ते जड जातं.

प्रश्न : मी कोल्हापूरला फाइन आर्टला आहे. फायनलला भारतातून नामशेष झालेल्या पक्ष्यांवर काम करायचंय. गुलाबी डोक्याचं बदक, हिमालयन क्वेल आणि चित्ता असं ठरवलंय (चित्ता पक्षी नाही माहितीये पण घ्यायचाय). सायन्सचं काहीच येत नाही, कुणाला विचारू?

विषय छान निवडलायस. सायन्स येत नाही याची काळजी करू नकोस, विचारायची लाज नको एवढंच.

आधी एक दुरुस्ती. तुझ्या तिघांची स्थिती वेगवेगळी आहे. चित्ता भारतातून १९५२ मध्ये संपल्याचं जाहीर झालं पण आफ्रिकेत तो होताच, इराणात आशियाई चित्ते थोडे का होईना उरलेत, आणि २०२२ मध्ये आफ्रिकेतले चित्ते मध्य प्रदेशातल्या कुनोला आणले. हिमालयन क्वेलचा शेवटचा पक्का नमुना १८७६ चा, नैनितालजवळचा. गुलाबी डोक्याच्या बदकाची शेवटची खात्रीची नोंद बहुतेक ठिकाणी १९३५ ची देतात, बिहारची. हे दोन्ही पक्षी अजून अधिकृतपणे नामशेष जाहीर झालेले नाहीत, त्यामुळे तिघांना एकाच ओळीत एकाच काळ्या चौकटीत लावू नकोस, प्रत्येकाखाली शेवटचं साल आणि ठिकाण लिही.

आणि हे मी एवढं का ताणून सांगतेय तर आपल्या रानपिंगळ्यामुळे, म्हणजे जंगलातल्या एका छोट्या घुबडामुळे. खानदेशातून जेम्स डेव्हिडसन या ब्रिटिश अधिकाऱ्याने त्याचे नमुने गोळा केले होते, १८८४ नंतर पक्का पुरावा नाही, फक्त १९१४ मध्ये गुजरातेत मांडवीला मिळाल्याचा रिचर्ड माइनर्ट्झहॅगन या ब्रिटिश पक्षीसंग्राहकाचा एक नमुना होता. पक्षीतज्ज्ञ पॅमेला रासमुसेन यांनी नमुन्यांचा बारकाईने तपास केला तेव्हा कळलं की तो नमुना म्युझियममधून चोरलेला डेव्हिडसनचाच आहे आणि लेबल खोटं लावलंय. मग ते खोटं ठिकाण बाजूला ठेवून जुन्या खऱ्या नोंदींच्या मागे त्या आणि त्यांचे दोन सहकारी गेले आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ रानपिंगळा जिवंत सापडला. तोपर्यंत कुणी त्याचं स्मारक बांधलं असतं तर ते जिवंत पक्ष्याचं स्मारक झालं असतं! त्या शोधात सगळ्यात जास्त कामाला काय आलं तर कपाटातले मेलेले पक्षी आणि त्यांच्या पायाला बांधलेल्या चिठ्ठ्या.

म्हणून तू इंटरनेटवरच्या फोटोवरून चित्रं काढू नकोस, खरा नमुना बघ. मुंबईला बीएनएचएसचा, म्हणजे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचा, पक्ष्यांचा संग्रह आहे, कॉलेजच्या लेटरहेडवर काय बघायचंय ते नेमकं लिहून परवानगी माग. पुढेमागे फुलं घ्यायची झाली तर पुण्याला बोटॅनिकल सर्व्हेचं आणि आघारकर संस्थेचं हर्बेरियम आहे, मुंबईत झेवियर्स कॉलेजमध्ये ब्लॅटर हर्बेरियम. तिथे जाशील तेव्हा ‘मला सायन्स समजवा’ असं मोघम म्हणू नकोस, पाच-सहा नेमके प्रश्न ने. पिसांचा रंग जिवंतपणी असाच होता की वाळून उतरला? चोच, पाय यांचा रंग मेल्यावर जातो, मग जुन्या वर्णनात काय लिहिलंय? तुझ्या बदकाची अंडी जवळपास चेंडूसारखी गोल होती, हे मला कळलं तेव्हापासून मी ते विसरू शकले नाहीये, तुझ्या चित्रात ते यावं असं फार वाटतं. त्याचे १९२० च्या दशकात युरोपातल्या संग्रहांत काढलेले काळे-पांढरे फोटोही आहेत, ते बसण्याच्या ढबीसाठी बघ, गुलाबी रंग मात्र नमुना आणि जुनी वर्णनं दोन्ही ताडून ठरव.

जे कळलं नाही ते चित्रात कोरं सोड, मनाने भरू नकोस. आणि ज्या नमुन्यावरून काम केलंस त्याचा नोंदणी क्रमांक आणि तो कुणी, कधी, कुठे गोळा केला ते चित्राखाली लिही. काम झालं की फोटो पाठव, जागा असेल त्या अंकात छापू.