लाल शर्टवाल्या बायकांकडे जाण्याआधी

चि. मुलीस,
अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज दोनदा वाचला. ह्यूस्टनच्या थर्ड वॉर्ड वस्तीतल्या चर्चच्या आवारात मतदारनोंदणीचं टेबल लावून बसलेल्या लाल शर्टमधल्या बायकांनी तुला ‘शनिवारी मदतीला ये’ म्हटलं, आणि हे आपलं काम आहे की नाही असा तुला प्रश्न पडलाय. खुशाल जा. फक्त आधी त्या कोण आहेत ते जाणून घे, म्हणजे तिथे भलतंच काही बोलून बसणार नाहीस.

त्या एका सोरॉरिटीच्या, म्हणजे कॉलेजात सुरू होणाऱ्या मुलींच्या संघटनेच्या. सोरॉरिटी म्हटलं की सिनेमातल्या पार्ट्या आठवतात, त्या डोक्यातून काढून टाक. यांची डेल्टा सिग्मा थीटा ही वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठातल्या २२ कृष्णवर्णीय विद्यार्थिनींनी जानेवारी १९१३ मध्ये काढलेली संघटना. पुढच्या दोन महिन्यांच्या आत, ३ मार्चला, त्या स्त्रियांच्या मताधिकाराच्या मोर्चात उतरल्या. तिथे काही आयोजकांचं म्हणणं पडलं की काळ्या बायकांनी मागे चालावं. हक्क मागायला निघालेल्यांनीच आपल्यात वरखाली लावायचं, हे आपल्याकडच्या माणसाला नवीन नाही.

कॉलेज सुटलं की सदस्यत्व सुटत नाही, ही या संघटनांची खरी ताकद. पदवीनंतरच्या शाखांमध्ये शिक्षिका, नर्स, वकील, निवृत्त प्राचार्या असतात आणि त्या चाळीस-पन्नास वर्षं तेच काम करत राहतात. म्हणून तुला टेबलावर सत्तरीच्या बायका दिसल्या.

मतदारनोंदणीचा एवढा ध्यास का, याचं उत्तर ह्यूस्टनमध्येच आहे. टेक्सासमध्ये तेव्हा डेमोक्रॅटिक पक्षाचा उमेदवार ठरवणारी प्राथमिक निवडणूक हीच खरी निवडणूक असायची, आणि तिच्यात फक्त गोऱ्यांना मत देता यायचं. ते बंद झालं १९४४ मध्ये, लॉनी स्मिथ नावाच्या इथल्याच एका कृष्णवर्णीय दंतवैद्याच्या खटल्यामुळे. मत देण्यासाठी भरावा लागणारा कर राज्याच्या निवडणुकांत १९६६ पर्यंत होता. त्याच वर्षी फिफ्थ वॉर्डची बार्बरा जॉर्डन टेक्सासच्या सिनेटवर निवडून आली आणि १९७२ मध्ये काँग्रेसवर, म्हणजे अमेरिकेच्या संसदेवर. तीही डेल्टाच. त्या टेबलावरच्या एखाद्या आजीच्या आईने मतासाठी पदरचे पैसे मोजले असतील, हे लक्षात ठेवून बोल.

आता प्रत्यक्ष काम. टेक्सासमध्ये नवी नोंदणी ऑनलाइन होत नाही, कागदच भरावा लागतो. तो भरून घेणाऱ्याची काउंटीकडून, म्हणजे जिल्ह्याच्या प्रशासनाकडून, रीतसर नेमणूक व्हावी लागते. घेतलेला अर्ज पाच दिवसांच्या आत पोचवायचा, आणि निवडणुकीच्या ३० दिवस आधी मुदत संपते. मी ज्या शाखेबरोबर काम केलं, तिथे एक निवृत्त शिक्षिका प्रत्येक अर्जाच्या प्रत्येक ओळीवरून बोट फिरवायच्या. जन्मतारीख, पत्ता, सही. एका मुलाची सही राहिली होती आणि तो गाडीपर्यंत पोचलाही होता. बाई गुडघ्याच्या पट्ट्यासकट उठल्या, भर उन्हात पार्किंगमध्ये गेल्या आणि त्याला परत घेऊन आल्या. सही झाली, पावती फाडून हातात दिली, मगच सोडला. फोटो कुणी काढला नाही. समाजसेवा शिकायची असेल तर तिथे बोट कसं फिरतं ते बघ.

आणखी एक गोष्ट सांगते, ती त्यांच्या बहीण-संघटनेची, अल्फा कप्पा अल्फाची. १९३५ मध्ये त्यांनी मिसिसिपीत आरोग्य प्रकल्प सुरू केला, प्रमुख होत्या डॉ. डोरोथी बोल्डिंग फेरेबी. बेत साधा होता: दवाखाने उघडायचे, माणसं येतील. पण कापसाच्या मळ्यांचे मालक आपल्या कुळांना जाऊच देईनात. मग या बायकांनी औषधं, लसी, तराजू गाड्यांत भरले आणि दवाखानाच मळ्यावर नेला. देवी आणि घटसर्पाच्या लसी टोचल्या, दात तपासले, काय खावं ते सांगितलं. १९४२ पर्यंत दर उन्हाळ्यात हे चाललं. ‘लोक येत नाहीत, त्यांना जाणीवच नाही’ हे वाक्य आपल्या मंडळाच्या मीटिंगमध्ये मी इतक्यांदा ऐकलंय की कान किटले. फेरेबीबाईंनी जाणीव मोजत बसण्यापेक्षा वाट कुठे अडलीय ते पाहिलं. तू सार्वजनिक आरोग्य शिकायला आलीयस, तुला यापेक्षा चांगला धडा वर्गात मिळेलसं मला वाटत नाही.

आता तुझ्यापुरतं. तू विद्यार्थी व्हिसावर आहेस. मतदारनोंदणीच्या कुठल्याही अर्जावर सही करायची नाही, कितीही प्रेमळ आजीने पुढे केला तरी. ‘तुम्ही अमेरिकी नागरिक आहात का’ या प्रश्नाला चुकून ‘हो’ लिहिलं गेलं, तर व्हिसापासून पुढच्या ग्रीन कार्डापर्यंत सगळं अडकू शकतं. लायसन्स काढतानाही कारकून नोंदणीबद्दल विचारेल, तिथेही स्पष्ट ‘नाही’. लोकांचे अर्ज तुला घेताही येणार नाहीत. पण खुर्च्या मांडणं, रांगेतल्या म्हाताऱ्यांना पाणी देणं, पोरांची दप्तरं भरणं, रक्तदाब तपासायच्या टेबलावर नावं लिहून घेणं, यांना व्हिसा आड येत नाही. पहिले काही महिने एवढंच कर. ‘तुम्ही असं करा ना’ हे वाक्य तोंडात आलं तर गिळ. तुझ्या आधी त्यांनी ते करून पाहिलेलं असतं.

बाकी किरकोळ. वयस्क बाईंना नुसत्या नावाने हाक मारू नकोस, नावाआधी ‘मिस’ लाव. इथे दक्षिणेत तीच रीत. त्या एकमेकींना ‘सोरॉर’ म्हणजे बहीण म्हणतात, तो शब्द त्यांच्यापुरता. त्यांच्या हाताच्या खुणांची हौसेने नक्कल नको. कोणाला मत द्यावं यावर टेबलापाशी चकार शब्द काढायचा नाही, संघटना कुठल्याच पक्षाची नाही. आणि तो गुलाबी-हिरवा कुर्ता तर अजिबात घालू नकोस! ते अल्फा कप्पा अल्फाचे रंग. दोघींची चुरस शंभर वर्षांची आहे, दिवसभर तुझी थट्टा होईल.

‘मला सदस्य करून घ्या’ असंही म्हणू नकोस. त्याची त्यांची पद्धत आहे, आणि काम करायला सदस्यत्व लागत नाही.

शनिवारी दहाची वेळ दिली असेल तर नऊला पोच. टेबलं गाडीतून उतरवताना माणसं कमी पडतात, आणि त्या वेळी त्या निवांत बोलतातही. टोपी ने. रविवारी फोन कर.

तुझी,
ह्यूस्टनची मावशी